कागदाशी जुळलेली मात्रा

रुग्णाला औषध देण्यापूर्वी आम्ही परिचारिका पाच गोष्टी ताडून पाहतो: रुग्ण तोच आहे ना, औषध तेच आहे ना, मात्रा तीच आहे ना, देण्याचा मार्ग तोच आहे ना आणि वेळ तीच आहे ना. शिकत असताना हे पाच प्रश्न इतके घोटून घेतले जातात की पुढे झोपेतून उठवून विचारले तरी ते क्रमाने सांगता येतात, आणि ते घोटून घेतलेच पाहिजेत, कारण त्यांच्यामुळे आजवर असंख्य चुका रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच थोपवल्या गेल्या आहेत. मात्र या प्रश्नांची उत्तरे आपण कशाशी ताडून पाहतो, हे फारसे कोणी विचारत नाही. आपण ती औषधांच्या तक्त्याशी, केस पेपरशी किंवा संगणकाच्या पडद्याशी ताडून पाहतो. तो तक्ताच चुकीचा लिहिला गेला असेल, तर पाचही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येतात, सही होते, वेळ लिहिली जाते आणि चुकीची मात्रा अगदी नियमानुसार रुग्णाच्या शरीरात जाते.

वॉर्डात अनेक वर्षे काम केल्यावर आता माझ्याकडे नोंदींच्या तपासणीचे काम आहे, आणि या कामात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. नोंदीतली चूक एका जागी पडून राहत नाही. ती एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरते आणि जितक्या वेळा उतरते तितकी अधिक खरी वाटू लागते. पहिल्यांदा लिहिली जाते तेव्हा ती कोणा दमलेल्या माणसाची गफलत असते. चौथ्या कागदावर पोहोचेपर्यंत तिच्या पाठीशी तीन सह्या उभ्या असतात. त्यानंतर ती चूक पकडायची असेल, तर कोणाला तरी तीन सह्यांवर अविश्वास दाखवावा लागतो, आणि ते रात्रपाळीतल्या नव्या मुलीला किंवा पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला किती जड जाते हे मी जवळून पाहिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी गंभीर आणि टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन जगभरातील देशांना केले, तेव्हा औषधांच्या वापरातील चुकांमुळे वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो असा अंदाज मांडला होता. २०२२ मधील जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा विषयही औषधांची सुरक्षितता हाच होता. या हिशेबात औषध लिहिण्यापासून ते दिल्यानंतर लक्ष ठेवण्यापर्यंतच्या सगळ्या टप्प्यांवरच्या चुका येतात. मला इथे बोलायचे आहे ते लिहिण्याबद्दल आणि लिहिलेले पुढे उतरवण्याबद्दल.

सुरुवात सर्वांत लहान खुणेपासून करते. औषधांच्या तक्त्यावर आडव्या रेघा छापलेल्या असतात. घाईत दिलेला दशांशबिंदू नेमका त्या रेघेवर पडला की दिसेनासा होतो. मग ‘१.०’ हे ‘१०’ असे वाचले जाते आणि रुग्णाला दहापट औषध मिळते. ‘.५’ असे लिहिले असेल, तर बिंदू हरवताच मागे नुसते ‘५’ उरतात. म्हणून पूर्ण संख्येनंतर बिंदू आणि शून्य कधीही लिहू नये, आणि एकपेक्षा कमी मात्रा असेल तर बिंदूच्या आधी शून्य न चुकता लिहावे, असे अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ ही संस्था अनेक वर्षे सांगत आली आहे. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने २००४ पासून वापरूच नयेत अशा खुणांची एक यादी रुग्णालयांवर बंधनकारक केली. त्या यादीत युनिट या शब्दासाठी लिहिले जाणारे ‘यू’ हे इंग्रजी अक्षर आहे, कारण ४ या आकड्याला चिकटून लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनची ४ युनिटे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ४० दिसतात. चाळीस युनिटांनी साखर इतकी खाली जाऊ शकते की रुग्ण झोपला आहे असे वाटत असताना तो प्रत्यक्षात बेशुद्ध झालेला असतो. त्याच यादीत ‘क्यू.डी.’ हे लघुरूप आहे. त्याचा अर्थ दिवसातून एकदा. पण मधला ठिपका जरा लांबला तर ते ‘क्यू.आय.डी.’ म्हणजे दिवसातून चार वेळा असे वाचले जाते.

एककांचेही तसेच आहे. हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनची गोळी पाकिटावर ०.२५ मिलिग्रॅम असू शकते आणि तक्त्यावर २५० मायक्रोग्रॅम. दोन्ही एकच आहेत, पण पहाटे तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण धाप लागून बोलावत असताना, हा हिशेब मनातल्या मनात करायला लावणे हेच मुळात चुकीचे आहे. मायक्रोग्रॅमची ग्रीक खूण वाकड्या अक्षरात मिलिग्रॅमसारखी दिसली, तर फरक हजारपटींचा पडतो. डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद करण्याची जी सवय समाजाला लागली आहे ती मला कधीच रुचली नाही, कारण त्या विनोदामुळे न वाचता येणारे अक्षर ही एक गोड खोड ठरते. प्रत्यक्षात ते अर्धवट दिलेल्या सूचनेइतकेच धोकादायक असते.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९९६ मध्ये घडलेली एक घटना मी नव्या मुलींना नेहमी सांगते. हृदयाचा विकार असलेल्या दोन महिन्यांच्या बाळाला डिगॉक्सिन द्यायचे होते. मात्रा तोंडी ठरली ती ०.०९ मिलिग्रॅम, आणि लिहिली गेली ०.९ मिलिग्रॅम. वरिष्ठ डॉक्टरांनी यादी नजरेखालून घातली, पण त्यांना चूक दिसली नाही. औषध विभागातील फार्मासिस्टला मात्रा जास्त वाटली आणि त्याने लिहिणाऱ्या डॉक्टरला पेजर केला, पण ते डॉक्टर ड्यूटी संपवून गेलेले होते. दरम्यान त्याच आदेशाची दुसरी प्रत औषध विभागात आली आणि तिच्यावरून औषध भरले गेले. परिचारिकेला शंका आली. तिने हजर असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी पुन्हा हिशेब केला आणि त्यांचे उत्तर अगदी बरोबर आले: ०.०९. मग त्यांनी कुपीवरचा आकडा पाहिला. तिथेही एक शून्य आणि एक नऊ होता. दोन्ही जुळले असे त्यांना वाटले आणि औषध दिले गेले. ते बाळ वाचले नाही.

या घटनेत निष्काळजी असे कोणीच नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. फार्मासिस्टला शंका आली होती, परिचारिकेला शंका आली होती, आणि शेवटच्या डॉक्टरांनी तर योग्य उत्तर स्वतःच्या हाताने काढले होते. तरीही कुपीवरच्या आकड्याने त्या उत्तरावर मात केली, कारण आपले डोळे जुळणी शोधत असतात आणि एकदा जुळल्यासारखे वाटले की मन पुढच्या कामाकडे वळते. दुसऱ्याने तपासणे याचा अर्थ आधी लिहिलेला आकडा न पाहता स्वतंत्रपणे हिशेब करणे, आणि मग दोन्ही उत्तरे शब्दांत म्हणून दाखवणे, असा घेतला पाहिजे. ‘ताई, हे वीस आहे ना, जरा बघता का?’ असे विचारले की उत्तर प्रश्नातच दिलेले असते. त्याऐवजी ‘या रुग्णाला किती द्यायचे, तुम्ही काढा’ असे म्हटले, तर दोन मिनिटे जास्त जातात, पण तपासणी खऱ्या अर्थाने दुहेरी होते.

दुसरी घटना बॉस्टनची, १९९४ सालची. बेट्सी लेहमन या ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्रासाठी आरोग्यविषयक लेखन करणाऱ्या पत्रकार होत्या. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी त्या डॅना-फार्बर कर्करोग संस्थेत दाखल झाल्या होत्या. सायक्लोफॉस्फामाइड या औषधाची जी मात्रा चार दिवसांत मिळून द्यायची होती, ती लेखी आदेशाच्या मांडणीमुळे प्रत्येक दिवसाची मात्रा समजली गेली आणि त्यांना चार दिवस चौपट औषध मिळाले. डिसेंबर १९९४ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या एका रुग्ण महिलेलाही अशीच जादा मात्रा मिळाली होती. ही चूक कोणाच्या लक्षात आली, तर दोन महिन्यांहून अधिक काळानंतर, संशोधनाच्या आकडेवारीची नेहमीची तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या. उपचार करणाऱ्यांनी औषधाची जुळणी आदेशाशी केली होती. आदेशच संदिग्ध होता, त्यामुळे त्याच्याशी केलेली जुळणी निरुपयोगी ठरली. आज केमोथेरपीच्या आदेशावर रोजची मात्रा आणि एकूण मात्रा वेगवेगळ्या लिहिण्याचा, दिवस क्रमांक लावण्याचा आणि कमाल मर्यादा नोंदवण्याचा आग्रह धरला जातो. त्या आग्रहामागे अशाच घटना आहेत.

‘एकूण की रोज’ हा घोटाळा घरापर्यंत पोहोचतो तो मेथोट्रेक्सेट या औषधात. संधिवात आणि सोरायसिस यांसाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले, तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होण्याचे काम मंदावते, जंतुसंसर्ग होतो आणि रुग्ण दगावूही शकतो. अशा चुका इतक्या देशांत आणि इतक्या वेळा झाल्या की युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये पाकिटावर ठळक इशारा छापण्याची आणि आठवड्याचा कोणता वार ते लिहून ठेवण्याची शिफारस केली. मला यातली अडचण डिस्चार्ज कार्डाच्या रचनेत दिसते. आपल्या कार्डावर सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन रकाने असतात आणि त्यांत ‘१-०-१’ अशी नोंद केली जाते. या तक्त्यात आठवड्याला जागाच नाही. म्हणून लिहिणारा रात्रीच्या रकान्यात ‘१’ लिहितो आणि शेवटच्या अरुंद रकान्यात ‘आठवड्यातून एकदा’ असे बारीक अक्षरात कोंबतो. पुढच्या वेळी कार्ड नव्याने लिहिले जाते तेव्हा आकडा उतरतो आणि ते बारीक अक्षर मागेच राहते. रुग्णाचा मुलगा कार्डाशी ताडून रोज रात्री वडिलांच्या हातावर गोळी ठेवतो, आणि कार्डाप्रमाणे तो अगदी बरोबर वागत असतो. ज्या औषधाचा वार ठरलेला आहे ते त्या तीन रकान्यांत लिहूच नये, त्यासाठी स्वतंत्र ओळ घेऊन ‘फक्त रविवारी, इतर कोणत्याही दिवशी नाही’ असे पूर्ण वाक्य लिहावे, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही.

ॲलर्जीच्या नोंदींबद्दल जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तिथे चूक दोन्ही बाजूंनी कापते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात दाखल झालेल्या एका आजींच्या केस पेपरवर लाल शाईने ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिलेले होते. आधीच्या डिस्चार्ज कार्डावर तेच होते, भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्या कागदावर तेच, आणि मनगटावरच्या पट्टीवरही तेच. सगळीकडे जुळत होते. मी त्यांना विचारले, “आजी, पेनिसिलिन घेतल्यावर तुम्हाला नेमकं काय झालं होतं?” त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मला कुठं काय झालं गं? अंगावर गांधी उठल्या होत्या त्या माझ्या जावेला. श्वाससुद्धा कोंडला होता तिचा.” दोघी जावांचे आडनाव एक, पत्ता एक, वयातही फारसा फरक नाही. पूर्वी कधीतरी एकीचा कागद दुसरीच्या फायलीला टाचला गेला होता आणि त्यानंतर प्रत्येकाने तो विश्वासाने पुढे उतरवला होता. आजींना गेली कितीतरी वर्षे पहिल्या पसंतीची प्रतिजैविके नाकारली जात होती. पण माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्याच विचाराने. जाऊबाईंची जुनी फाईल मागवून पाहिली, तेव्हा तिच्यात ॲलर्जीच्या रकान्यात ‘काही नाही’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. ज्यांचा श्वास कोंडला होता त्यांना पेनिसिलिन देण्यास कागदाची काहीच हरकत नव्हती. चुकीच्या फायलीत गेलेला एक कागद दोन माणसांना धोक्यात घालतो, आणि आपण शोध घेतो तो बहुधा एकाच बाजूने.

त्यानंतर ॲलर्जीची नोंद पाहिली की मी तीन गोष्टी विचारते: कोणत्या औषधाने, साधारण कधी, आणि नेमके काय झाले. मळमळ झाली, जुलाब झाले, चक्कर आली, हे दुष्परिणाम आहेत; त्यांची नोंद जरूर करावी, पण ॲलर्जी म्हणून नव्हे. अमेरिकेत सुमारे १० टक्के लोक आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगतात, तर खरी ॲलर्जी एक टक्क्याहूनही कमी लोकांना असते, असे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचे म्हणणे आहे. उरलेल्यांना विनाकारण व्यापक प्रभावाची, अधिक महाग आणि कधी कधी अधिक त्रासदायक प्रतिजैविके दिली जातात, आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा धोका त्यामुळे वाढतो. म्हणून अशी नोंद परस्पर खोडून टाकू नये, तर तज्ज्ञांकडून चाचणी करून घेऊन मगच ती काढावी. मात्र ‘ॲलर्जी आहे’ एवढ्या दोन शब्दांवर कोणीही समाधान मानू नये.

संगणक आला की हे सगळे सुटेल असे आम्हालाही वाटले होते. अक्षराचा प्रश्न खरोखरच सुटला आणि त्याचे श्रेय संगणकाला दिलेच पाहिजे. बॉस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयात बारकोड आणि संगणकीय औषध-तक्ता यांचा एकत्र वापर सुरू झाल्यावर काय फरक पडला याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देतानाच्या, वेळेखेरीजच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. आदेश तक्त्यावर उतरवून घेताना होणाऱ्या चुका जुन्या पद्धतीच्या वॉर्डांत ६.१ टक्के होत्या. नव्या पद्धतीच्या वॉर्डांत त्या पूर्णपणे थांबल्या. हाताने उतरवण्याचे कामच उरले नाही, म्हणून उतरवण्यातली चूकही उरली नाही. हा फायदा मोठा आहे.

पण मूळ आदेशच चुकला, तर बारकोडही त्या चुकीलाच साथ देतो. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या नेहमीच्या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. त्याचे वजन ३८.६ किलो होते. डॉक्टरांनी पडद्यावर १६० हा आकडा भरला तेव्हा त्यांच्या मनात १६० मिलिग्रॅम म्हणजे एक गोळी होती. पडद्यावरचे एकक मात्र त्या वेळी ‘दर किलोमागे मिलिग्रॅम’ असे होते. संगणकाने वजनाने गुणाकार केला आणि साडेअडतीस गोळ्यांचा आदेश तयार झाला. इशारे आले, पण दिवसभर निरर्थक इशारे बंद करून करून सरावलेल्या बोटांनी तेही बंद केले. औषध विभागातील यंत्राने गोळ्या मोजून पाकिटांत भरल्या. परिचारिकेला आकडा विचित्र वाटला, पण तिने बारकोड तपासला आणि बारकोडने सांगितले की आदेशाप्रमाणे हे बरोबर आहे. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या. पुढे त्याला आकडीचा झटका आला. सुदैवाने तो वाचला. ह्यूस्टनच्या बाळाची घटना आणि ही घटना यांत सतरा वर्षांचे अंतर आहे, सारी साधने बदललेली आहेत, आणि तरी शेवटच्या क्षणी माणसाच्या शंकेला जुळणीनेच गप्प केले. एका वेळी गिळायला साडेअडतीस गोळ्या कोणी देत नाही, एवढे साधे व्यवहारज्ञान ऐकून घेईल अशी व्यवस्था नसेल, तर ती व्यवस्था अपुरी आहे असे मी म्हणेन.

संगणकाने आणलेली दुसरी अडचण कमी नाट्यमय पण रोजची आहे. कालची नोंद उचलून आजच्या पानावर चिकटवण्याची सोय झाल्यापासून फायली जाड झाल्या आणि त्यांतला खरा मजकूर पातळ झाला. शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस आठवडाभर दुसराच राहतो. थांबवलेले औषध ‘चालू’ या यादीत तसेच दिसत राहते. सर्वांत घातक म्हणजे ‘रक्त पातळ करणारे इंजेक्शन उद्यापासून सुरू करणे’ असे एक वाक्य रोज पुढच्या पानावर चिकटवले जाते. वाचणाऱ्या प्रत्येकाला निर्णय झाल्याचे दिसते आणि इंजेक्शन मात्र कधीच सुरू होत नाही. लिहिलेले आहे म्हणजे केलेले आहे असा समज या सोयीने अधिकच पक्का केला.

मुलांच्या बाबतीत वजनाची नोंद हीच अर्धी औषध-नोंद असते, कारण बहुतेक मात्रा वजनावरून काढल्या जातात. वजन किलोमध्येच करावे आणि किलोमध्येच लिहावे. पौंडांतला आकडा किलोच्या रकान्यात गेला तर मात्रा दुपटीहून अधिक होते. ‘आईने सांगितलेले’ वजन आणि काट्यावर पाहिलेले वजन यांत फरक असतो, म्हणून कोणते लिहिले तेही नोंदवावे. द्रवरूप औषधात ‘एक चमचा’ लिहू नये, मिलिलिटर लिहावे, आणि त्याबरोबर औषधाची तीव्रताही लिहावी, कारण एकाच औषधाच्या थेंबांत आणि सिरपमध्ये तीव्रता वेगवेगळी असते.

माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तेव्हा नोंदी सर्वाधिक सांडतात. टोरांटोमध्ये १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखल होताना लिहिलेली औषधांची यादी आणि रुग्ण प्रत्यक्ष घेत असलेली औषधे ताडून पाहिली गेली. ५३.६ टक्के रुग्णांच्या बाबतीत किमान एक अनपेक्षित तफावत निघाली, आणि सर्वाधिक आढळलेली तफावत होती नियमित औषध यादीतून गळून जाण्याची. उलट प्रकारही आम्ही वारंवार पाहतो. एका चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असते, दुसऱ्या चिठ्ठीवर कंपनीने दिलेले नाव, आणि रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी दोनदा घेतली जाते. म्हणून नातेवाईक ‘यादी आणली आहे’ असे म्हणाले तरी मी औषधांची पिशवीच आणायला सांगते. स्ट्रिपमधून किती गोळ्या कमी झाल्या आहेत ते पाहिले की यादी आणि वास्तव यांतले अंतर लगेच कळते. यादी केवळ यादीशी जुळवली तर ते अंतर कधीच दिसत नाही.

आता रुग्णांबद्दल आणि त्यांच्या घरच्यांबद्दल. आपली फाईल वाचणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, असे अजूनही अनेकांना वाटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत स्वतःच्या नोंदी वाचणाऱ्या २२,८८९ रुग्णांना विचारले गेले, तेव्हा दर पाचांपैकी एकाला तरी नोंदीत चूक आढळल्याचे दिसले, आणि अशी चूक सांगणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना ती गंभीर वाटली होती. निदान करण्याचे ज्ञान रुग्णाकडे नसेल, पण आपल्याला मधुमेह आहे की नाही, आपले कोणते ऑपरेशन झाले आणि आपण सकाळी कोणती गोळी घेतो, हे त्याच्याइतके नीट दुसऱ्या कोणाला माहीत असते? सगळे कागद एकमेकांशी जुळत असतानाही त्यांत न बसणारी एकमेव गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष तो माणूस. त्याला विचारणे हीच कागदाबाहेरची एकमेव तपासणी आहे, आणि एखादा रुग्ण “ही गोळी माझी नाही, माझी पांढरी असते” असे म्हणाला, तर परिचारिकेने हातातला ट्रे खाली ठेवून पुन्हा मुळापासून पाहावे, असे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. दहापैकी नऊ वेळा केवळ गोळीची कंपनी बदललेली असेल. तरीही पाहावे.

डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर रुग्णालयातून बाहेर पडण्याआधीच ते शांतपणे वाचावे. नाव, वय आणि कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया हे आधी पाहावे. त्यानंतर प्रत्येक औषधासाठी विचारावे की हे कशासाठी आहे, किती दिवस घ्यायचे आहे, आणि पूर्वी घरी चालू असलेल्या औषधांपैकी कोणते बंद झाले. शेवटचा प्रश्न बहुतेक कार्डांवर अनुत्तरितच असतो, कारण नवी औषधे लिहिण्याची जागा असते आणि बंद केलेली लिहिण्याची नसते.

चूक आढळली तर ती दुरुस्त करण्याचीही पद्धत आहे, आणि ती पाळली नाही तर दुरुस्तीच नवा धोका होते. कागदावरच्या नोंदीत चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे मूळ मजकूर वाचता येतो; शेजारी बरोबर मजकूर, तारीख, वेळ आणि सही करावी. आकड्यावर आकडा गिरवू नये, पांढरी शाई लावू नये, पान फाडू नये. ३ वर गिरवलेला ८ नंतर कोणालाही नीट वाचता येत नाही, आणि लपवल्याचा संशय येतो तो वेगळाच. संगणकीय नोंदीतही जुना मजकूर इतिहासात राहून दुरुस्ती वेगळी दिसली पाहिजे. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमांच्या कलम १६ नुसार आपल्याबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि अमेरिकेतील कायद्यानुसारही रुग्ण लेखी विनंती करू शकतो व तिला साधारण ६० दिवसांत उत्तर द्यावे लागते. विनंती लेखीच करावी आणि तिची पोच घ्यावी.

दुरुस्ती झाली असे कळल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: ती कुठे कुठे पोहोचली? मूळ फाईल सुधारली तरी तिच्यावरून निघालेल्या प्रती आपापल्या जागी तशाच असतात: नेहमीच्या डॉक्टरांकडे, औषधाच्या दुकानातल्या संगणकात, विम्याच्या कागदांत, तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत. त्या प्रत्येक ठिकाणी सुधारलेली नोंद स्वतः नेऊन द्यावी. आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जुन्या चिठ्ठीचा जो फोटो काढून ठेवलेला असतो तो काढून टाकायला सांगून त्याच्या जागी नव्या यादीचा तारखेसह फोटो ठेवावा, कारण पुढच्या वेळी तातडीच्या विभागात घाईघाईने सर्वांत आधी पुढे केला जातो तो तोच फोटो.